वाफेचा चटका, कोरफडीचा गर आणि कोपराकडे गेलेला तांबडा पट्टा: एक प्रकरण अभ्यास

प्रसंग

उकळत्या पाण्याच्या पातेल्यावरचे झाकण स्वतःच्या बाजूने उचलले, की कोंडलेली वाफ सरळ हाताच्या आतल्या अंगावर येते. या प्रकरणात तेच झाले. ४१ वर्षांची स्त्री. मधुमेह नाही, रोजचे औषध नाही, त्वचेचा जुना आजार नाही. धनुर्वाताचे शेवटचे इंजेक्शन ७ वर्षांपूर्वीचे. डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, मनगट आणि कोपर यांच्या साधारण मधोमध, ६ सेंमी लांब आणि ४ सेंमी रुंद भाग पोळला. (हे प्रकरण कोणा एकीचे नाही. घरी भाजल्यावर जे पुन्हा पुन्हा घडते ते एका रुग्णात एकत्र मांडले आहे.)

पुढच्या पाऊण तासातला क्रम असा. हात नळाखाली धरला, पण जेमतेम अर्धा मिनिट. आग कमी वाटली आणि हात काढून घेतला. मग कुंडीतल्या कोरफडीचे पान कापून आणले, उभे चिरले, चमच्याने गर खरवडला आणि थेट लावला. दोन-तीन मिनिटे गार वाटले, नंतर आधीपेक्षा जास्त चरचरू लागले. म्हणून उरलेल्या गरात चमचाभर हळद कालवून तो लेप वरून थापला, त्यावर कापूस ठेवला आणि फडके गुंडाळले. मनगटावरचे घड्याळ तसेच होते.

यातली एकही कृती अडाणीपणाची म्हणता येणार नाही. कोरफडीचा गर पोळलेल्या कातडीला शांत करतो हे खरे आहे, आणि हळदीतल्या कर्क्युमिनचा सूज उतरवण्याचा गुण प्रयोगशाळेत दिसतो हेही खरे. पण कोरफडीने इथे पाण्याची वेळ खाल्ली आणि हळदीने जखमेचा रंग झाकला. घरगुती वनस्पतींनी होणारे नुकसान बऱ्याचदा या दोन वाटांनी होते. वनस्पतीत विष असते म्हणून क्वचितच.

पाण्याची वीस मिनिटे

पाऊण तासाने थोरली बहीण घरी आली. तिने घड्याळ उतरवले, फडके सोडले, लेप वाहत्या पाण्याखाली सुटू दिला आणि हात पूर्ण २० मिनिटे नळाखाली धरायला लावला. उशीर झाला होता, तरी उपाय फुकट गेला नव्हता. भाजल्यापासून सुमारे ३ तासांपर्यंत वाहत्या गार पाण्याचा फायदा मिळतो. अर्थात पहिल्या काही मिनिटांत मिळतो तितका नाही.

अर्ध्या मिनिटात हात काढून घेण्याचा मोह का होतो हे समजून घ्यायला हवे. वाफ दूर झाली तरी कातडीत शिरलेली उष्णता तिथेच असते आणि खालच्या थरांकडे सरकत राहते. नळाचे पाणी आधी वरच्या थरातल्या मज्जातंतूंच्या टोकांना थंड करते, त्यामुळे आग लगेच थांबल्यासारखी वाटते; आत मात्र काम चालूच असते. दुखणे थांबले म्हणजे भाजणे थांबले, अशी गल्लत इथे होते. हात काढल्यावर मिनिटभरात आग परत आली तर पाणी पुरेसे झालेले नाही असे समजावे. तशी ती आली नाही, तरी २० मिनिटे पुरी करावीत.

पाणी १५ अंश सेल्सिअसच्या आसपास असले तर उत्तम. नळाचे येईल ते चालते. बर्फ मात्र नको. बर्फाने रक्तवाहिन्या आकसतात, आणि आधीच अर्धमेल्या झालेल्या थराला रक्त मिळाले नाही की तो मरतो. वर बर्फाचा स्वतःचा चटका बसतो तो वेगळाच. मोठा भाग भाजला असेल किंवा लहान मूल असेल, तर भाजलेल्या भागावरच पाणी घ्यावे आणि बाकीचे अंग पांघरुणात ठेवावे, नाहीतर अंग गारठते.

कोरफडीचा गर पाण्याची जागा का घेऊ शकत नाही? गरात सुमारे ९९ टक्के पाणीच असते, मग फरक कशाचा? फरक वाहण्याचा आहे. लावलेला पातळ थर थोड्याच वेळात कातडीइतका उबदार होतो आणि नंतर नुसता बसून राहतो. नळाचे पाणी दर क्षणाला उष्णता उचलून घेऊन जाते. म्हणून आधी पाणी, आणि गर लावायचाच असेल तर तो वीस मिनिटांनंतर.

अंगठी, बांगड्या, घड्याळ हे पाण्याखाली हात असतानाच काढावे. पाऊण तासाने घड्याळ काढताना पट्ट्याचा वळ उमटलेला होता. आणखी दोन तास गेले असते तर सुजेमुळे पट्टा कापावा लागला असता.

किती आणि किती खोल

रुग्णाचा स्वतःचा तळहात बोटांसकट धरला तर तो शरीराच्या पृष्ठभागाच्या सुमारे १ टक्का भरतो. मोठ्या माणसाचा तो साधारण १६० चौरस सेंमी असतो. इथे पोळलेला भाग २४ चौरस सेंमी, म्हणजे तळहाताच्या सहाव्या-सातव्या हिश्शाइतका. आकारावरून घरी सांभाळण्याजोगा.

खोलीचा अंदाज तीन गोष्टींवरून घेतात: फोड आहे का, दुखते का, आणि दाबल्यावर रंग कसा बदलतो. लाल, कोरडे, फोड नसलेले आणि हुळहुळणारे असेल तर वरवरचे. आठवड्याच्या आत भरते. फोड आलेला, खाली ओलसर गुलाबी, स्पर्श सहन न होणारा, बोटाने दाबले की पांढरा पडून लगेच पुन्हा लाल होणारा असेल तर अर्धवट खोलीचे, पण त्यातले वरचे; साधारण दोन आठवडे. डागाळलेले, दाबल्यावर रंग न बदलणारे, स्पर्श कमी कळणारे भाजणे खोल असते. पांढरे, कातड्यासारखे ताठ आणि न दुखणारे सर्वांत वाईट. दुखत नाही म्हणून लोक त्यावरच निर्धास्त असतात.

इथे अडचण आली ती हळदीची. लेप निघाला, पिवळेपणा राहिला. कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही आणि वरच्या थरात मुरते. ते काढायला चोळावे लागते, आणि भाजलेली कातडी चोळायची नसते. पिवळ्या कातडीवर लाल कुठे संपतो आणि पांढरे कुठे सुरू होते ते धड दिसेना. बहिणीने दाबून बघण्याची परीक्षा शेवटी लेप पोहोचला नव्हता त्या मनगटाकडच्या कडेवर केली. तिथे रंग दोन सेकंदांत परतला. संध्याकाळपर्यंत मधोमध २ सेंमीचा टरटरीत फोड आला.

घरी बसून राहू नये असे भाजणे कोणते, तेही सांगायला हवे: चेहरा, हाताचा पंजा, पाऊल, जननेंद्रिये किंवा मोठा सांधा यांवरचे, हातापायाला चारी बाजूंनी वेढणारे, विजेचे किंवा रसायनाचे, रुग्णाच्या तळहातापेक्षा मोठे, न दुखणारे, आणि लहान मूल, वृद्ध, मधुमेही किंवा गरोदर स्त्री यांना झालेले. हेच ६ बाय ४ सेंमीचे भाजणे हाताच्या पंजावर असते तर ते दवाखान्याचे होते.

धनुर्वाताचा हिशेब लोक विसरतात. आधीचे सगळे डोस पूर्ण असतील तर स्वच्छ किरकोळ जखमेला १० वर्षांपर्यंत पुन्हा टोचून घ्यावे लागत नाही. भाजण्याची जखम मात्र मातीने मळलेल्या जखमांच्या रांगेत धरतात, आणि तिथे ५ वर्षे उलटली असली की डोस घ्यायचा. या रुग्णाला ७ वर्षे झाली होती. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे इंजेक्शन झाले आणि खोलीचा अंदाजही पक्का झाला.

हळदीविषयी, कारण ती सगळीकडे सापडते

हळद पुडीत कर्क्युमिन वजनाच्या २ ते ५ टक्के असते. एक चमचा म्हणजे ३ ग्रॅम पूड धरली तर हाती लागते सुमारे १०० मिलिग्रॅम, तेही पाण्यात न विरघळणारे. उरलेले ९५ टक्के म्हणजे मुख्यतः पिष्ट आणि तंतू. उघड्या जखमेत हे कण परके पदार्थ म्हणून राहतात, ओल शोषून फुगतात, वाळले की खपलीचा भाग होतात आणि पट्टी बदलताना खपलीसकट निघतात. दर वेळी नवी कातडी सोलली जाते आणि जखम भरायला वेळ लागतो.

दुसरी गोष्ट स्वच्छतेची. हळद हा जमिनीखाली वाढणारा कंद. वाळवून दळलेल्या पुडीत मातीतल्या जीवाणूंचे बीजाणू असू शकतात, आणि बीजाणू सुकवण्याने मरत नाहीत. तिसरी, भेसळीची: रंग खुलावा म्हणून लेड क्रोमेट हे शिशाचे विषारी पिवळे रंगद्रव्य मिसळलेली पूड जगात अनेक ठिकाणी सापडलेली आहे. पोटात ती जाऊ नये हे उघड आहे. उघड्या जखमेवरही नको.

म्हणून घरच्या प्रथमोपचारात हळदीला जागा फार थोडी उरते. मुका मार लागलेल्या, न फुटलेल्या कातडीवर लेप लावायला हरकत नाही, फक्त सूज आणि रंग आधी नीट बघून घ्यावा, कारण नंतर तो दिसणार नाही.

कोरफड: चूक नेमकी कुठे

कोरफडीच्या पानात दोन वेगळे पदार्थ असतात आणि घरोघरी ते एकच समजले जातात. आतला पारदर्शक, बुळबुळीत गर हा एक. सालीच्या अगदी खाली बारीक नळ्यांतून वाहणारा पिवळसर, कडू चीक हा दुसरा. त्यात ॲलोइनसारखे अँथ्राक्विनोन गटातले पदार्थ असतात. पोटात गेल्यास ते जोरदार जुलाब करतात आणि पोळलेल्या कातडीला झोंबतात. पहिल्या दिवशी गार वाटल्यावर जे चरचरले ते याचे.

पान उभे चिरून चमच्याने गर खरवडला, की चमच्याची कड सालीच्या आतल्या अंगावरून घासत जाते, म्हणजे नेमकी चिकाच्या नळ्यांवरून. गर स्वच्छ दिसतो, पण त्यात पिवळसर झाक असते. पांढऱ्या बशीत ठेवला तर ती ओळखू येते. योग्य रीत अशी:

बाहेरचे, बुंध्याजवळचे जाड पान घ्यावे. बुंध्याशी कापल्यावर ते कापलेले टोक खाली करून पेल्यात १० ते १५ मिनिटे उभे ठेवावे. पिवळा चीक तळाशी गळतो. मग पान वाहत्या पाण्याखाली धुवावे. दोन्ही काटेरी कडा कापून टाकाव्या. वरची साल सुरीने पातळ न कापता २-३ मिमी जाड कापावी, गर थोडा वाया गेला तरी चालेल. खालची सालही तशीच. उरलेली गराची वडी पुन्हा पाण्याने धुवावी, अगदी पारदर्शक होईपर्यंत. तिच्यावर हिरवी किंवा पिवळी रेघ दिसली तर तेवढा भाग टाकावा. खरवडायचे काहीच नाही.

असा काढलेला गर हवेत ठेवला की गुलाबी-तपकिरी होतो आणि पातळ पडतो. त्यात जंतू वाढतात. फ्रीजमध्ये झाकून ठेवला तरी दुसऱ्या दिवसापलीकडे जखमेच्या आसपास वापरू नये. आणि कितीही नीट काढला तरी तो निर्जंतुक नसतो. न फुटलेल्या लाल कातडीवर तो चालतो. फुटलेल्या फोडावर, ओल्या जखमेवर नाही.

या रुग्णाने दुसऱ्या दिवसापासून पट्टीच्या भोवतीच्या लाल भागावर दिवसातून तीन वेळा गर लावायला सुरुवात केली. कल्पना बरोबर होती, गर मात्र चमच्याने खरवडलेलाच. सूज उतरावी म्हणून रात्री हात उशीवर, पंजा वर आणि कोपर खाली असा ठेवला. हा तपशील पुढे कामाला आला.

चौथा आणि पाचवा दिवस

चौथ्या रात्री झोपेत फोड फुटला. सकाळ होईपर्यंत पट्टी चिकटली होती, कारण जखमेला टेकणाऱ्या थरात पुन्हा कापूस वापरला होता. कापसाचे तंतू ओल्या जखमेत रुततात. जखमेला टेकणारा थर न चिकटणारा हवा, कापूस असलाच तर त्याच्या वर. चिकटलेली पट्टी ओढली नाही, हे बरे झाले. मिठाच्या पाण्याने भिजवून ती १० मिनिटांत सुटली. हे पाणी घरी करता येते: अर्धा लिटर पाणी ५ मिनिटे उकळायचे, त्यात ४.५ ग्रॅम मीठ, म्हणजे बारीक मिठाचा सपाट पाऊण लहान चमचा. झाकून गार करायचे आणि २४ तासांत संपवायचे. मीठ वाढले तर झोंबते, साधे पाणी घेतले तरीही थोडे झोंबते. या प्रमाणात नाही.

पट्टी निघाल्यावर जखमेभोवती लाली आणि तिच्यापासून निघून कोपराच्या खोबणीकडे गेलेला, साधारण ५ सेंमी लांबीचा तांबडा पट्टा दिसला.

जखमेपासून धडाच्या दिशेने जाणारा तांबडा पट्टा म्हटले की पहिली शंका लसिकावाहिन्यांच्या (रक्तवाहिन्यांव्यतिरिक्त अंगातला पातळ द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांच्या) संसर्गाची यायलाच हवी. जखमेतले जंतू त्या वाहिन्यांतून वर चढतात, काखेत अवधाण येते, ताप भरतो, आणि हे काही तासांत वाढू शकते. हळदीचा पिवळेपणा अजून कातडीत होता, त्यामुळे कडा पुसट होत्या. बहिणीने पट्ट्याच्या टोकाशी पेनाने खूण करून वेळ लिहिली आणि त्याच सकाळी डॉक्टरांकडे नेले. हा निर्णय पूर्ण बरोबर होता, पुढे निदान काहीही निघाले असते तरी.

निदान निघाले चिकाने झालेल्या त्वचादाहाचे. ते कशावरून ठरले, ते बारकाईने बघण्यासारखे आहे.

पट्टा खाजत होता, ठणकत नव्हता. संसर्गात दुखणे पुढे असते आणि ते दर दिवशी वाढते; इथे जखमेचे दुखणे तिसऱ्या दिवसापासून कमी होत होते. पट्ट्यावरून बोट फिरवले तर टाचणीच्या डोक्याएवढे बारीक पुरळ लागत होते. लसिकावाहिनीच्या संसर्गात कातडी गुळगुळीत असते, लाली खालून आल्यासारखी दिसते आणि दाबले की दुखते, कधी दोरीसारखे काही हाताला लागते. ताप नव्हता. काखेत आणि कोपराच्या आतल्या बाजूला गाठ नव्हती. पू नव्हता; फोडातून आलेले पाणी पारदर्शक पिवळसर होते, त्याला वास नव्हता.

मग पट्टा कोपराकडेच का? कारण रात्री पंजा वर होता, कोपर खाली. पातळ झालेला गर ओघळून खाली आला होता. ओघळ मध्येच एका ठिकाणी वळला होता, तिथे उशीच्या अभ्र्याची घडी टेकत होती. लसिकावाहिन्या उशीच्या घडीपाशी वळत नाहीत.

शेवटचा पुरावा दुसऱ्याच हाताचा निघाला. उजव्या हाताच्या तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात तसेच पुरळ होते. गर याच दोन बोटांनी लावला जात होता.

इथे एक इशारा द्यायलाच हवा. खाज म्हणजे वावडे, असे समीकरण मांडून घरी बसणे धोक्याचे आहे. भरत आलेली जखमही खाजते, आणि खाजवलेल्या त्वचादाहात मागाहून संसर्ग शिरतो. पट्टा ठणकतो आहे, खुणेच्या पुढे सरकतो आहे, ताप आहे, पू आहे, काखेत अवधाण आले आहे, यांतले एक जरी असले तरी तो त्याच दिवशीचा दवाखाना, रात्र असली तरी.

उपचार आणि शेवट

कोरफड बंद. हात कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने धुऊन गराचा सगळा अंश काढला. जखमेवरचे फोडाचे सैल कातडे तसेच ठेवले, कारण खालच्या नव्या थराला ते आच्छादनाचे काम करते. उघड्या भागावर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर, त्यावर न चिकटणारी जाळीदार पट्टी, वर गॉझ. दिवसातून एकदा बदल. भोवतीच्या न फुटलेल्या पुरळावर डॉक्टरांच्या सांगण्यावरून १ टक्का हायड्रोकॉर्टिसोन दिवसातून दोनदा, ५ दिवस. हे मलम जखमेवर लागू द्यायचे नाही. ते भरण्याची गती मंदावते. प्रतिजैविकाची गरज पडली नाही. खाज दोन दिवसांत उतरली, जखम तेराव्या दिवशी बंद झाली.

कातडी बरी झाल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने उजव्या हाताच्या आतल्या बाजूला दोन ठिकाणी रुपयाएवढा गर लावून ४८ तास बघितले: एकीकडे खरवडलेला, दुसरीकडे जाड साल काढून धुतलेला. पहिल्या जागी लाली आणि खाज, दुसऱ्या जागी काही नाही. यावरून दोष चिकाचा असावा असे दिसते. घरच्या चाचणीने झोंबणे आणि खरे वावडे यांत पक्का फरक करता येत नाही, म्हणून या बाईंनी फुटलेल्या कातडीवर कोरफड कायमचीच टाळावी, असे सांगण्यात आले.

ही चाचणी खरे तर आधी करायची असते. घरात जी वनस्पती जखमेच्या आसपास वापरायचा विचार आहे, ती सगळे ठीक असताना धडक्या कातडीवर लावून दोन दिवस पाहावी. भाजल्यावर लावली की लाली भाजण्याची, संसर्गाची की वनस्पतीची, हे कोडे दवाखान्यापर्यंत जाते.

हाच हिशेब दुसऱ्या इजांना लावला तर

कापले: स्वच्छ कापडाने १० मिनिटे सलग दाबायचे, मध्ये उचलून बघायचे नाही. बघितले की धरू लागलेली गुठळी सुटते आणि १० मिनिटे पुन्हा पहिल्यापासून. पाल्याचा चोथा भरून रक्त थांबले असे वाटते ते बऱ्याचदा दाबामुळेच. चोथा मात्र जखमेत राहतो.

खरचटले: वाहते पाणी आणि साबण, माती पूर्ण निघेपर्यंत. याच्या आधी कोणताही लेप लावला तर माती आत कोंडली जाते.

मुका मार: इथे अर्निकाचे मलम चालते, पण कातडी फुटलेली नसेल तरच, आणि शेवंती-झेंडूच्या कुळाचे वावडे असलेल्याला नाही. मुक्या मारावर लावल्या जाणाऱ्या कॉम्फ्री या विलायती वनस्पतीचा पाला फुटलेल्या कातडीवर कधीच नको. त्यातली पायरोलिझिडीन अल्कलॉइड यकृताला घातक असतात.

दातदुखीत लवंगेचे तेल ठणका कमी करते, पण निखळ तेल हिरडीला लागले की तिथे पांढरा चट्टा पडतो. टी-ट्री तेल जुने झाले, हवेने ऑक्सिडाइझ झाले, की ताज्यापेक्षा जास्त वावडे निर्माण करते. बाटलीवर उघडल्याची तारीख लिहावी आणि निखळ लावू नये. ही दोन्ही तेले आणि कडुलिंबाचे तेल मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवावे. पोटात गेले तर थोड्या प्रमाणातही लहान मुलाला झटके येऊ शकतात. लिंबाचा रस जखमेवर किंवा डासाच्या चाव्यावर लावून उन्हात गेले तर रसातले फ्युरानोकुमारिन आणि ऊन मिळून चक्क भाजल्यासारखे फोड येतात, आणि काळा डाग महिनोन्‌महिने राहतो.

मधाचा उल्लेख इथे वनस्पती म्हणून नव्हे, तर लोक तो त्याच हेतूने वापरतात म्हणून. जखमेसाठी मिळणारा मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो. बरणीतला नसतो, आणि त्यात बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जंतूचे बीजाणू असू शकतात. एक वर्षाखालच्या बाळाला तर कुठल्याच वाटेने नको.

तेराव्या दिवसानंतर

बंद झालेली कातडी गुलाबी, पातळ आणि कोरडी असते, तिच्यात तैलग्रंथींचे काम अजून सुरळीत झालेले नसते. ती ताणली की तडकते आणि खाजते. दिवसातून दोन-तीन वेळा बिनवासाचे साधे मॉइश्चरायझर हलक्या हाताने लावावे. ज्यांना कोरफड सोसते त्यांच्यासाठी धुतलेला पारदर्शक गर लावायची खरी वेळ आता येते; पातळ थर, वाळल्यावर वरून मॉइश्चरायझर, कारण गर एकटा वाळला की कातडी आणखी ओढते. या बाईंनी नुसते मॉइश्चरायझर वापरले.

नव्या कातडीवर ऊन पडले तर डाग गडद होऊन बसतो. बाहेर जाताना लांब बाहीचा कपडा, किंवा एसपीएफ ३० अथवा त्याहून जास्त असलेले सनस्क्रीन, किमान ६ महिने. हळदीचा पिवळेपणा वरचा थर झडला तसा दोन आठवड्यांत गेला. मनगटाच्या बाजूची, लेप न लागलेली कडा मात्र पहिल्या दिवसापासून वाचता येत होती, आणि डॉक्टरांनी प्रत्येक भेटीत आधी तीच पाहिली.